साहेब, जरा बोलून घ्या

भर चौकात ट्रॅफिकच्या पोलिसाने हात केला, की तुमचा-आमचा हात खिशातल्या पाकिटाकडे जातो. बापूंचा मोबाईलकडे जातो. बापू ओळखायला एवढी एकच खूण पुरे. बाकी ते उंच की ठेंगणे, धोतर नेसतात की सफारी घालतात, याला काही महत्त्व नाही; कारण बापू हा एक माणूस नव्हेच. आमच्या जालन्यात सदर बाजारात एक बापू आहेत, कचेरी रोडला दोन असतील, भोकरदनला आणि परतूरला तर गल्लीगणिक आहेत. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे शेठ, कुठे नुसतंच दादा. मी ज्यांच्याविषयी सांगतोय ते आमच्या शेजारचे, म्हणून मला जरा जवळून बघायला मिळाले एवढंच.

प्रसंग नेहमीचा. गांधीचमनला बापूंची मोटारसायकल चुकीच्या बाजूने येते. ‘येते’च म्हणायचं, कारण आपण ती आणतोय असं बापूंना कधीच वाटत नाही. पोलीस शिट्टी मारतो. पहिल्या शिट्टीला बापू थांबत नाहीत. पहिली शिट्टी दुसऱ्या कोणाला तरी असते. दुसऱ्या शिट्टीला ते मागे वळून ‘कोणाला बोलवू राहिले बघा’ असं मागच्याला सांगतात. तिसऱ्या शिट्टीला गाडी थांबते, तीही रस्त्याच्या मधोमध, म्हणजे पाठीमागचं सगळं गाव आपोआप साक्षीला उभं राहतं. पोलीस लायसन मागतो. बापू हसतात. “लायसन काय, दाखवू की! एक मिनिट.” आणि नंबर लावतात.

इथून पुढचं बघण्यासारखं असतं. रिंग जाईपर्यंत मान किंचित वर, नजर पोलिसाच्या टोपीवरून पार पलीकडे. मग एकदम चेहऱ्यावर उजेड. “हां साहेब, नमस्कार! मी बापू. नाही नाही, तब्येत एकदम फस्क्लास. काही नाही, जरा इथं गांधीचमनला थांबलोय. हां… हां… आपलेच आहेत, चांगले आहेत, ड्युटी करू राहिले बिचारे.” फोन कानापासून सुटतो, हात लांब होतो, आणि ज्या वाक्यावर बापूंनी इतकी वर्षं गाडी चालवली ते वाक्य येतं : “साहेब, जरा बोलून घ्या.”

पोलिसालाही यातलं सगळं कळतं. चौकात दहा उन्हाळे काढलेल्या माणसाला पलीकडे कोण आहे हे फोन करणाऱ्याच्या पायांवरून समजतं. पलीकडे खरोखरचा साहेब असला की फोन करणारा गाडीवरून उतरून उभा राहतो. साहेबांचा कोणी पीए-बीए असला की बसूनच, पण पाठ ताठ करून बोलतो. आणि पलीकडे कोणीच नसलं की तो बोलता बोलता फेऱ्या मारतो. बापू उतरून उभे राहायचे. त्यांची ओळख खरी होती हे मान्यच केलं पाहिजे.

लोकांना वाटतं, बापू पैसे वाचवतात. अगदीच गैरसमज. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातल्या कलम १७७ खाली सटरफटर गुन्ह्याला मूळ दंड होता शंभर रुपयांपर्यंत. हे शंभर रुपये वाचवण्यासाठी ज्यांना फोन करायचा, त्यांच्याकडे दिवाळीला काजूकतलीचा डबा जाई, आंबे बहाराच्या मोसंबीचं पोतं जाई, घरच्या लग्नात आहेर जाई, आणि वडील वारले तर बापू दहाव्यालाही हजर. हिशेब मांडला असता तर एकेक माफ झालेली पावती त्यांना हजाराच्या घरात पडली असावी. पण हिशेब मांडायची ही गोष्टच नव्हे. पावती फाडून घेणं म्हणजे भर बाजारात ‘मला इथं कोणी ओळखत नाही’ असं लिहून द्यायचं आणि वर त्याचे पैसे मोजायचे. असा अपमान बापूंच्या घराण्यात कोणी सोसलेला नाही.

बापूंची नजर तशी अधू. ‘नो पार्किंग’ची पाटी, एकेरी रस्त्याचा बाण, सिग्नलचा लाल दिवा, यांतलं काही त्यांना वीस फुटांवरून दिसत नाही. पोलिसाच्या छातीवरची नावाची पट्टी मात्र ते पन्नास फुटांवरून वाचतात. आडनावावरून तालुका, तालुक्यावरून गाव आणि गावावरून सोयरीक, एवढं गणित गाडी थांबेपर्यंत सुटलेलं असतं.

“घनसावंगीकडचे का तुम्ही?”

“नाही, मंठ्याचा.”

“मंठ्याचे! मग तळणीचे आपले पाहुणे कोण लागतात तुमचे?”

मंठ्याच्या माणसाचं तळणीत कोणी ना कोणी निघतंच. न निघालं तर बापू काढतात. या चौकशीत एक प्रश्न ते कधीच विचारत नाहीत, कारण त्याचं उत्तर त्यांना आडनावातच मिळालेलं असतं.

आणि हुद्द्यांच्या बाबतीत तर हात फार सढळ. शिपायाला बापू जमादार म्हणतात, हवालदाराला फौजदार, आणि फौजदाराला थेट डीवायएसपी. गृहखात्याला ज्या बढत्या द्यायला पंधरा-पंधरा वर्षं लागतात, त्या बापू उभ्या उभ्या चौकात वाटतात. पांढरा शर्ट आणि खाकी पँट घातलेला माणूस त्यांच्या तोंडून एकदम इतका मोठा होतो, की शंभर रुपयांची पावती फाडणं त्याला स्वतःलाच शोभेनासं वाटतं.

१ मे १९८१ ला औरंगाबादेतून वेगळा काढून आणि परभणीचा परतूर तालुका जोडून जालना जिल्हा झाला. शाळेच्या पुस्तकात त्याची कारणं प्रशासनाची सोय वगैरे दिलेली आहेत. बापूंच्या लेखी त्या दिवशी एकच गोष्ट घडली : एसपी ऑफिस गावात आलं. तोवर मोठ्या साहेबाची ओळख ठेवायची तर साठ किलोमीटर एसटीने जायचं, दिवसभर बाकड्यावर बसायचं आणि साहेब दौऱ्यावर आहेत हे ऐकून परत यायचं. आता साहेबच आपल्या गावच्या पाण्याला आले. (ते पाणी तेव्हा किती दिवसांनी यायचं हा वेगळा विषय आहे.) तेव्हापासून किती एसपी आले नि गेले, बापू प्रत्येकाच्या स्वागताला पहिल्या रांगेत आणि निरोपाला त्याच खुर्चीवर. हारवाला ठरलेला. बदलीची ऑर्डर निघाली की आधी हारवाल्याला कळते असं गावात म्हणतात. बापूंनी त्याला सांगितलेलं असतं. साहेब बदलून गेला की मात्र चार-आठ दिवस बापू हेल्मेट घालून, डाव्या बाजूने, हळू गाडी चालवताना दिसत. नवीन साहेबाची ओळख होईपर्यंतच.

गाडी लावण्याचं शास्त्र बघायचं तर बापूंबरोबर बडी सडकेला जायला हवं. हे नाव ठेवलं त्या काळी ती बडी असणारच. आज दुकानासमोर पहिल्या ओळीत दुकानदाराची स्वतःची गाडी असते. ती सकाळी दहाला लागते नि रात्री नऊला निघते. तिचं काम जागा धरून ठेवणं. तिच्या बाजूला पायरीवरून खाली उतरलेला माल. पुढे गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली, तिरप्या. त्यांच्या पुढे हातगाडा, कारण गिऱ्हाईक आहे तिथे हातगाडा येणारच, आणि हातगाड्याला टेकून दोन रिक्षा. यातून जे उरतं त्याला रस्ता म्हणतात. त्यात बापू मोटार लावतात.

“दोनच मिनिटं,” असं ते कोणालाही न विचारता सांगतात. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवले की गाडी कायद्याच्या कक्षेबाहेर जाते असा त्यांचा सिद्धांत आहे. मग ते सराफ्यात जाऊन सुनेच्या मंगळसूत्राचा तुटलेला मणी लावून घेतात, तिथून फुलबाजारात, तिथून कोणाच्या तरी दुकानात तब्येतीची विचारपूस, तिथे चहा. एवढ्यात एमआयडीसीतून सळया भरून निघालेला एखादा ट्रक वाट चुकून गावात शिरलेला असतो. मागे हातभर लोंबणाऱ्या सळया, त्यांच्या टोकाला लाल फडकं, पुढे बापूंचे चार इंडिकेटर. ट्रकवाल्याला पुढे जाता येत नाही आणि मागे यायचं तर सळया कोणाच्या तरी दुकानात शिरतात. हॉर्न ऐकून बापू चहाचा कप ठेवतात आणि दुकानदाराला म्हणतात, “या गावात ट्रॅफिकचं काही खरं नाही राहिलं.”

कायदा तसा स्पष्ट आहे. कलम १२२ म्हणतं, दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जायची नाही. कलम १२७ म्हणतं, मनाई असलेल्या जागी कोणी सोडून गेलंच, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलून न्यायला लावू शकतो, आणि उचलायचा खर्च मालकाने द्यायचा. यातलं ‘सोडून’ बापूंनी बरोबर हेरलं. म्हणून ते गाडीत नातवाला बसवून जातात. काचा खाली, हातात कुरकुऱ्यांची पुडी, आणि पोलीस आला तर ‘आजोबा आलेच’ असं म्हणायचं. नातू सात वर्षांचा. त्याला ती भूमिका आवडते. २०१७ मध्ये मालाडला बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईसकट गाडी उचलली होती आणि त्यात एक पोलीस निलंबित झाला होता, ही बातमी बापूंना तारीखवार पाठ आहे. गरज पडली तर ते पोलिसाला ती काळजीच्या सुरात सांगतात. “तुमच्या नोकरीसाठी म्हणतोय.”

पोलिसांचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर बापूंना मी फारच मोठं केल्यासारखं होईल. मे महिन्यात अंबड चौफुलीला उभं राहून बघावं. पारा बेचाळीसला, सकाळी घातलेला पांढरा शर्ट अकरालाच करडा. एका बाजूने ऊसतोडीहून परतणारे ट्रॅक्टर, दुसरीकडून एसटी, मधून दुचाकीवर तिघे आणि त्या तिघांच्या मधे गॅसची टाकी. हात करून एक बाजू थांबवावी, तर थांबलेला माणूस ‘त्याला का सोडलं’ म्हणून भांडतो. शहराच्या वाट्याला माणसं मोजकी, त्यातली निम्मी बंदोबस्ताला. मंत्री येणार असला की त्याच बडी सडकेवरून अर्ध्या तासात सगळ्या गाड्या नाहीशा होतात आणि आपलं गाव एवढं रुंद आहे हे बघून लोक गच्चीवरून फोटो काढतात. मंत्री गेले की अर्ध्या तासात गाव पुन्हा पूर्ववत. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पाटी बदलली, रुंदी तीच आहे. या गावात कोणी कोणाला मनापासून वाट देत असेल तर ती पाण्याच्या टँकरला. २०१२-१३ च्या दुष्काळात मी पाहिलंय, रुग्णवाहिकेला हॉर्न मारावा लागे. टँकरला मारावा लागत नसे.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मशीन आलं.

आधी पावतीपुस्तक होतं. पुस्तक मोठं समजूतदार. खिशातून निघायलाच वेळ घेई, मग पेन शोधायचं, मग कार्बन सरळ करायचा, ‘नाव सांगा’ म्हणायचं. तोवर तीन फोन होत. फाडेपर्यंत पान पुस्तकातच असतं, आणि पुस्तकात आहे तोवर सगळं बोलण्यावर आहे. ई-चलनाचं मशीन बोलतच नाही. गाडीचा नंबर टाकला, फोटो काढला, बटण दाबलं. पोलिसाच्या हातून गेलं. त्यातच डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात दंडाचे नवे आकडे लागू झाले. जिथे शंभर-दोनशेवर भागत होतं तिथे पहिल्या वेळी ५०० आणि त्याच गुन्ह्यात पुन्हा सापडलं तर १५००.

बापूंनी सवयीने फोन लावला. उतरून उभे राहिले. “साहेब, जरा बोलून घ्या,” म्हणाले. पोलिसाने फोन घेतला, दोनदा ‘हो सर’ म्हणाला आणि फोन परत देत म्हणाला, “तुम्हीच बोला, साहेब काहीतरी सांगतायत.” पलीकडून साहेब सांगत होते, “बापू, फोटो निघायच्या आधी फोन करायचा ना! वर गेलेलं मला खाली आणता येत नाही.”

आपल्या ‘वर’च्या वर आणखी एक ‘वर’ आहे, हे बापूंना उतारवयात असं रस्त्यावर उभं राहून कळलं. दुसरा कोणी असता तर खचला असता. बापूंनी साहेबांचा सल्ला शब्दशः घेतला. पुढचे काही महिने ते गाडी लावायच्या आधीच फोन करत. “साहेब, बडी सडकेला लावतोय. दोनच मिनिटं. जरा लक्ष असू द्या.” कोर्टात ज्याला अटकपूर्व जामीन म्हणतात त्यातलाच हा प्रकार. शेवटी साहेबांनी फोन उचलणं बंद केलं. त्याचं खरं कारण मला नंतर कळलं. खुद्द साहेबांच्या मेव्हण्याची तीन चलनं थकलेली होती आणि तो रोज सकाळ-संध्याकाळ साहेबांच्या घरी येऊन बसत असे.

खरा घाव घातला तो मुलाने. मुलगा पुण्याला, हिंजवडीत. मोटार त्याच्या नावावर, मोबाईल नंबर त्याचा. त्यामुळे जालन्यात बापूंनी गाडी वाकडी लावली की पुण्यात त्याच्या खिशात टुण वाजायचं. पोरगा मीटिंगमध्ये असायचा. टेबलाखाली फोन धरून दंड भरून टाकायचा आणि विसरून जायचा. सणाला घरी आला तेव्हा सहज बोलून गेला, “बाबा, तुमची पाच-सहा भरली मी.” बापूंच्या हातातला घास हातातच राहिला. न विचारता भरलेस? एक फोन नाही, एक शब्द नाही? कोणालाही न कळता दंड भरून मोकळं व्हायचं, ही कोणत्या घरची रीत? सून मधे पडली नसती तर त्या दिवशी पुरणपोळी तशीच राहिली असती.

पुण्याचा किस्सा बापू स्वतःच सांगतात, आणि विजय म्हणून सांगतात. मुलाकडे गेले असताना एका रस्त्यावर गाडी लावून ते औषधं आणायला गेले. तिथे पी-१, पी-२ अशा पाट्या. सम तारखेला एका बाजूला लावायची, विषम तारखेला दुसऱ्या. बापूंना हे पटलंच नाही. तारीख बघून जेवायचं असतं, उपास करायचा असतो. गाडी कसली लावता? परत येतात तो गाडीजवळ पोलीस, हातात मशीन, एमएच २१ चा फोटो घेतोय. बापूंची नजर सवयीने त्याच्या छातीवर गेली.

“जालन्याकडचे का तुम्ही?”

पोलीस चमकला. मूळचा अंबड तालुक्यातला निघाला. मत्स्योदरी देवीची जत्रा निघाली, कोणाचा तरी मामा निघाला, कोरडी गेलेली विहीर निघाली. दोघं पाऊण तास बोलत उभे होते. त्या पाऊण तासात त्या रस्त्यावर ज्याने जिथे लावायची तिथे गाडी लावली. पोलिसाने बापूंना कोपऱ्यावर नेऊन चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत, निघताना वाकून नमस्कार केला. चलन झालेलंच होतं. त्यावर दोघांपैकी कोणी बोललं नाही. बापू घरी येऊन म्हणाले, “पुण्याच्या पोलिसाने चहा पाजला! तुला कधी पाजलाय?” मुलगा म्हणाला, “नाही.” तो विषय तिथे बापूंच्या बाजूने संपला.

कॅमेऱ्यापुढे मात्र ते हतबल आहेत. मुंबईला जाताना मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर मोटारीला ताशी शंभरची मर्यादा. त्यांचा ड्रायव्हर एकशेवीसने निघाला आणि दोन हजारांचा मेसेज आला. बापूंनी परतताना गाडी हळू घ्यायला लावली आणि त्या कमानीवरच्या कॅमेऱ्यांकडे खिडकीतून मान बाहेर काढून बराच वेळ बघितलं. नावाची पट्टी कुठेच नव्हती. “याचं गाव कोणतं म्हणायचं?” असं काहीसं ते पुटपुटले, असं ड्रायव्हर सांगतो.

तिथून त्यांनी निष्कर्ष काढला की बाहेरची ओळख उपयोगाची नाही, खाकी घरातच यायला पाहिजे. गल्लीतल्या पोरापोरींमागे पोलीस भरतीचं टुमणं लावलं. पहाटे पाचला स्वतः काठी घेऊन मैदानावर. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, मग गोळाफेक. हातात घड्याळ, आणि दमलेल्याला मोसंबीचा रस स्वतःच्या पैशाने. पोरं पांगली. आमच्याच बोळातली एक मुलगी टिकली. वडील हमाल, आई शिवणकाम करते. मैदानीत उत्तम, लेखीत त्याहून उत्तम. ती लागली त्या दिवशी बापूंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्याबरोबर सांगितलं, “आता बिनधास्त गाडी लावा.”

ट्रेनिंग करून पोरगी आली, काही दिवसांनी वाहतूक शाखेत नेमणूक झाली, आणि शिवाजी पुतळ्याजवळ उभी राहिली. बापूंनी मुद्दाम वाकडी वाट करून, मुद्दाम एकेरी रस्त्याने, मुद्दाम उलटी गाडी नेली. तिने शिट्टी मारली. या वेळी बापू पहिल्याच शिट्टीला थांबले.

“काका, गाडी बाजूला घ्या. लायसन.”

“अगं, मी बापू!”

“म्हणूनच काका म्हणाले. लायसन.”

बापूंनी तिच्या वडिलांना फोन लावला. वडील हमालवाड्यात ओझं उतरवत होते. “बापू, मी काय सांगू तिला,” ते म्हणाले. “परवा हेल्मेट नव्हतं म्हणून माझीच पावती केली. घरी आल्यावर म्हणाली, बाबा, भाजीला पैसे उरले का?” फोन ठेवेपर्यंत मशीनमधून पट्टी सुर्रकन बाहेर आलेली होती. तिने ती बापूंच्या हातात दिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “काका, आईने तुम्हाला संध्याकाळी धपाटे खायला बोलावलंय.”

मला वाटलं, आता बापू आठ दिवस घराबाहेर पडत नाहीत. संध्याकाळी पाहतो तर पानटपरीवर ती पट्टी हातोहात फिरतेय. “आपल्या पोरीने केलीय! सही बघा, नाव बघा. हातसुद्धा थरथरला नाही तिचा.” ज्याला त्याला दाखवून झाल्यावर ते झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनला गेले. दुकानदाराने सांगितलं, हा मशीनचा कागद आहे, गरम झाला की काळा पडतो. आधी झेरॉक्स काढू आणि झेरॉक्सचं लॅमिनेशन करू. तसं केलं. आता ती लॅमिनेट केलेली पावती त्यांच्या शर्टाच्या खिशात असते, लायसनच्या वर.

परवा मामा चौकात बापूंना थांबवलं. गाडी पुन्हा उलटीच होती. पोलीस नवीन, बाहेरून बदलून आलेला, आडनाव बापूंच्या कोणत्याच तालुक्यात न बसणारं. मोबाईल त्यांनी काढलाच नाही. खिशातून अदबीने ती पावती काढली आणि पुढे धरली. “ही बघा. आमच्या पोरीने केलेली आहे. तुमच्याच खात्यात आहे.”

पोलिसाने ती हातात घेतली. दोन्ही बाजूंनी नीट बघितली, कलम वाचलं, तारीख वाचली आणि मशीन काढलं.

“म्हणजे ही दुसरी वेळ,” तो म्हणाला. “पंधराशे.”